मूल हवं की नको, हे कोण ठरवणार? आफ्रिकेतल्या स्त्रीवादी वादांबद्दल

रानजाई (धागाकर्ती)

नामिबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१४ रोजी तीन बायकांच्या बाजूने निकाल दिला. तिघीही एचआयव्हीबाधित, तिघीही सरकारी रुग्णालयात बाळंतपणाला गेलेल्या आणि तिघींचीही नसबंदी करून टाकलेली. कागदावर सह्या होत्या, पण कळा सुरू असताना, ऑपरेशनला नेता नेता पुढे केलेल्या कागदावर बाई काय वाचणार? अशा सहीला संमती म्हणता येणार नाही, आणि बाईचं भलं डॉक्टरला जास्त कळतं हा विचार तर इथे मुळीच चालणार नाही, असं न्यायालयाने स्वच्छ सांगितलं. एचआयव्ही आहे म्हणूनच आमच्याशी असं वागले, हा त्यांचा आरोप मात्र कोर्टात सिद्ध झाला नाही.

त्यानंतर पाच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत ८३ बायकांची नसबंदी केली. किमान १३ जणी गेल्या. बिलासपूरच्या बातम्या आपण वाचल्या. नामिबियाच्या बायकांनी वर्षानुवर्षं कोर्टात लढून काय मिळवलं ते मराठीत फारसं आलंच नाही, म्हणून हा धागा.

गर्भपाताची चर्चा निघाली की आपल्याकडे ती ‘करू द्यावा की नाही’ इथेच अडकते. आफ्रिकेतल्या बायकांनी प्रश्न मोठा केला. एकीला गर्भपात नाकारायचा आणि दुसरीची न विचारता नसबंदी करायची, ही एकाच सत्तेची दोन कामं आहेत, असं त्या म्हणतात. ‘प्रजनन न्याय’ हा शब्द १९९४ मध्ये शिकागोत जमलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन बायकांनी रूढ केला. त्याच वर्षी सप्टेंबरात कैरोला लोकसंख्येवरची जागतिक परिषद भरली. मूल न होऊ देण्याचा हक्क, मूल होऊ देण्याचा हक्क आणि झालेलं मूल सुरक्षित वाढवता येण्याचा हक्क, या तीन गोष्टी एकत्र बघायच्या असा प्रजनन न्यायाचा अर्थ.

दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांना हे कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती. वर्णद्वेषी राजवटीत गोऱ्या बायकांना जास्त मुलं होऊ द्या म्हणून सांगितलं जाई आणि काळ्या बायकांना डेपो-प्रोव्हेरा या गर्भनिरोधकाची तीन-तीन महिन्यांची इंजेक्शनं दिली जात, अनेकदा नीट न सांगता. त्याच राजवटीने १९७५ च्या कायद्याने गर्भपात जवळपास बंद करून ठेवला होता. लोकशाही आल्यावर १९९६ च्या घटनेत कलम १२ मध्ये प्रजननाचे निर्णय आणि स्वतःच्या शरीरावरचा ताबा हे हक्क शब्दांत लिहिले गेले. त्याच वर्षी नवा कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १९९७ पासून लागू झाला. १२ आठवड्यांपर्यंत बाईने मागितलं की पुरे, कारण सांगायची सक्ती नाही. असुरक्षित गर्भपाताने होणारे मृत्यू त्यानंतरच्या काही वर्षांत ९१ टक्क्यांनी घटले.

पुढे २००३ मध्ये आफ्रिकी संघाने मापुतोत बायकांच्या हक्कांचा करार स्वीकारला. बलात्कार, कुटुंबातल्या व्यक्तीकडून झालेला अत्याचार किंवा आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका असेल तर गर्भपात उपलब्ध करून द्यावा, असं थेट लिहिणारा हा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय करार. नोव्हेंबर २००६ मध्ये आक्रात शंभराहून जास्त स्त्रीवादी जमल्या आणि त्यांनी आपली सनद लिहिली. आम्ही स्त्रीवादी आहोत, त्याला कुठलंही ‘पण’, ‘परंतु’ जोडणार नाही, असं तिच्यात आहे. गर्भपात आणि लैंगिक ओळख या दोन्ही गोष्टी तिने शरीराच्या स्वायत्ततेत धरल्या.

या सगळ्यावर आफ्रिकेतल्या बायकांचं आपसातही एकमत नाही, आणि मला ते वादच जास्त महत्त्वाचे वाटतात. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी.

----

घाटमाथा

लेख माहितीपूर्ण आहे. एक शंका मनापासून विचारतो. परिषदा, सनदा, करार हे सगळं राजधानीतल्या शिकलेल्या बायकांचं आणि परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांचं नाही का? तिथला सामान्य माणूस धार्मिक आहे, मुलं म्हणजे देवाची देणगी मानणारा आहे. मग हा विचार ‘आफ्रिकन’ कसा म्हणायचा?

----

रानजाई

@घाटमाथा, प्रश्न रास्त आहे. तिथल्या राजकारण्यांचाही तोच आक्षेप असतो. पण मग बंदीचे कायदे कुठले, तेही बघूया. सिएरा लिओनमध्ये गर्भपात गुन्हा ठरवणारा कायदा १८६१ चा, ब्रिटिश संसदेचा. डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे निवडून दिलेल्या लोकांनी, सुरक्षित गर्भपाताचं विधेयक मंजूर केलं. धर्मगुरूंच्या विरोधानंतर राष्ट्राध्यक्षांनी सही केली नाही आणि राणी व्हिक्टोरियाच्या काळचा कायदा तसाच राहिला. केनियात तर १९३० पर्यंत आपलाच भारतीय दंडविधान लागू होता. मेकॉलेचा मसुदा मुंबईहून मोम्बासाला गेला.

पैशाचं म्हणाल तर तो दोन्ही बाजूंनी येतो आणि दोन्ही बाजूंनी थांबतो. १९८४ मध्ये अमेरिकेने नियम केला की परदेशातली जी संस्था गर्भपाताची सेवा देईल, किंवा त्याबद्दल नुसती माहितीही देईल, तिला कुटुंब नियोजनाचा पैसा मिळणार नाही. तिकडे सरकार बदललं की हा नियम जातो किंवा परत येतो. २०१७ मध्ये तो आरोग्याच्या जवळजवळ सगळ्या मदतीला लावला, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा आणला. वॉशिंग्टनमध्ये एक सही होते आणि आफ्रिकेतल्या खेड्यातलं गर्भनिरोधकं देणारं केंद्र बंद पडतं. त्या खेड्यातल्या बाईला कुणी विचारलेलं नसतं.

----

नैरोबीकर

बरीच वर्षं इथे आहे, म्हणून केनियापुरतं लिहिते.

२०१० च्या घटनेत इथे एकाच कलमात दोन वाक्यं बसवली आहेत. आयुष्य गर्भधारणेपासून सुरू होतं, हे एक. आणि आईच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका आहे असं प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याचं मत असेल तर गर्भपात करता येईल, हे दुसरं. या दुसऱ्या वाक्यासाठी चर्चने सार्वमतात सबंध घटनेलाच विरोध केला होता, तरी घटना मंजूर झाली. पण दंडसंहितेतली जुनी कलमं तशीच राहिली. त्यामुळे दवाखान्यातली नर्स घटनेकडे बघेल की पोलिसाकडे? २०१२ मध्ये आरोग्य खात्याने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पुढच्याच वर्षी मागे घेतल्या, प्रशिक्षणही थांबवलं.

त्यानंतर जे घडलं ते कोर्टाच्या कागदांत जेएमएम या आद्याक्षरांनी आहे. १४ वर्षांची मुलगी, बलात्कारातून दिवस गेले. २०१४ च्या डिसेंबरात कुणीतरी चोरून गर्भपात केला आणि रक्तस्राव थांबेना. तिला एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या दवाखान्यात फिरवत राहिले, कारण अर्धवट गर्भपातावर पुढचे उपचार कोण करणार हेच कुठे ठरलेलं नव्हतं. मूत्रपिंडं गेली. २०१८ च्या जूनमध्ये ती वारली. तिची आई आणि महिला वकिलांची संघटना कोर्टात गेल्या होत्या. जून २०१९ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने सूचना मागे घेणं बेकायदा ठरवलं आणि भरपाई द्यायला लावली. बलात्कारातून दिवस गेलेल्या मुलीच्या आरोग्याला धोका असेल तर तिला गर्भपाताचा हक्क आहे, हेही सांगितलं. निकाल वाचताना मला सारखं वाटत होतं की हे सगळं ठरवायला एका पोरीला जावं लागलं.

@घाटमाथा, ‘सामान्य माणूस’ म्हणताना तिची आईही धरा. ती कुठल्या परिषदेला गेली नव्हती.

आणखी एक. इथल्या बायकांनी शरीर हे हत्यार म्हणूनही वापरलं आहे. १९९२ मध्ये राजकीय कैद्यांच्या आया वांगारी मथाईंसोबत नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये उपोषणाला बसल्या होत्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तेव्हा त्यांतल्या काही वयस्कर बायकांनी अंगावरचे कपडे काढले. आईच्या वयाच्या बाईने असं करणं म्हणजे समोरच्या पुरुषाला शाप. पोलीस तोंड फिरवून मागे सरले. २००४ मध्ये इम्फाळला कांगला किल्ल्यासमोर मणिपुरी बायकांनी विवस्त्र होऊन जी निदर्शनं केली त्यांच्याशी याचं नातं मला फार जवळचं वाटतं. आणि २०१४ च्या नोव्हेंबरात, मिनीस्कर्ट घातला म्हणून मटाटूच्या (खासगी मिनीबसच्या) थांब्यावर एका बाईला पुरुषांनी विवस्त्र केलं, तेव्हा ‘माझा पोशाख, माझी मर्जी’ म्हणत शेकडो बायका याच शहरातून चालत गेल्या. आधी कपडे उतरवले ते बायकांनी स्वतःच्या मर्जीने, नंतर पुरुषांनी जबरदस्तीने. देह एकच असला तरी मर्जी कुणाची, यावर सगळं आहे.

----

जुनी वही

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, मराठवाड्यात प्रॅक्टिस केली, आता निवृत्त आहे.

कळा सुरू असताना घेतलेली सही मी स्वतः पाहिलेली आहे. बाई ‘द्या कुठं अंगठा करायचा’ म्हणते, कारण तिला त्या क्षणी फक्त सुटका हवी असते. ऑपरेशनबद्दल बोलायचं ते सातव्या महिन्यात, घरी विचार करायला वेळ ठेवून. नामिबियाच्या न्यायालयाने जे म्हटलं ते आमच्या प्रत्येक प्रसूतिकक्षात लावायला हवं.

आपल्याकडे बीडचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तिशी-पस्तिशीतच काढलेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या सगळ्यांवर कुणी बळजबरी केली होती का? बहुतेकींनी ‘मीच काढून घेतली’ असं सांगितलं असतं. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत मोळी उचलायची, आणि पांढरं जातंय म्हणून गेलं तर डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. यात मर्जी कुठे शोधायची? म्हणून मला ‘निवडीचा हक्क’ यापेक्षा ‘न्याय’ ही मांडणी जास्त पटते. तिच्यात मुकादमही येतो.

@रानजाई, दक्षिण आफ्रिकेचे मृत्यू कमी झाले त्यात एक मोठं कारण राहिलं. तिथल्या कायद्याने १२ आठवड्यांपर्यंतचा गर्भपात करायची परवानगी प्रशिक्षित सुईणींना दिली. जिथे डॉक्टर नाही तिथेही सेवा पोचली. आपला १९७१ चा कायदा तिथल्यापेक्षा कितीतरी जुना, २०२१ मध्ये मुदत काही बायकांसाठी २४ आठवड्यांपर्यंत वाढवली, पण परवानगी नोंदणीकृत डॉक्टरचीच. तालुक्याला स्त्रीरोगतज्ज्ञच नसेल तर मुदत वाढवून काय उपयोग?

----

काळी मैना

धागा शरीराच्या स्वायत्ततेचा आहे, तर मुलींच्या योनिछेदाबद्दल, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या प्रथेबद्दल, बोलायलाच हवं. हा विषय मी कितीतरी वर्षं धरून आहे.

इजिप्तच्या डॉक्टर नवल अल-सादावी यांनी यावर उघड लिहिलं. त्यांचा स्वतःचा छेद सहाव्या वर्षी झाला होता. बायका आणि लैंगिकता या विषयावरच्या पुस्तकामुळे १९७२ मध्ये आरोग्य खात्यातलं पद गेलं, १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी तुरुंगात टाकलं. या प्रथेविरुद्ध आवाज आधी आफ्रिकेतल्या बायकांनी उठवला, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. १९८० च्या कोपनहेगन परिषदेत पाश्चात्त्य स्त्रिया ज्या पद्धतीने हा विषय मांडत होत्या त्यावर आफ्रिकी प्रतिनिधी संतापल्या. डाकारमधल्या आफ्रिकी संशोधक स्त्रियांच्या संघटनेने निवेदन काढलं. प्रथेला आमचा विरोध आहे, पण आम्हाला रानटी ठरवणारी, भूक, गरिबी, लूट यांबद्दल गप्प राहून फक्त आमच्या मांड्यांमध्ये डोकावणारी मोहीम आम्हाला नको, असा त्याचा रोख होता. मला हा पवित्रा फार महत्त्वाचा वाटतो. दोन आघाड्यांवर एकाच वेळी उभं राहावं लागतं आणि दोन्हीकडून शिव्या खाव्या लागतात.

आता आपसातला वाद. सिएरा लिओनमध्ये बोंदो नावाची बायकांची गुप्त संस्था आहे. मुलीला तिच्यात घेताना छेद करतात. फुआम्बाई अहमदू या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी मोठेपणी, शिकलेल्या असताना, स्वतःहून हा विधी करून घेतला आणि त्याची बाजू मांडली. त्या विचारतात, पाश्चात्त्य बाई पैसे देऊन योनीची शस्त्रक्रिया करून घेते ती तिची मर्जी, आणि माझी ती विकृती कशी? प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. माझं उत्तर असं की सज्ञान बाईने स्वतःच्या शरीराचं काय करावं हा वाद होऊ शकतो, पण सहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत वादाला जागाच नाही. त्याच देशातल्या रुगियातु तुराय यांनी मधली वाट काढली आहे. दीक्षा ठेवा, नाच ठेवा, बायकांची सत्ता ठेवा, फक्त पातं काढून टाका. तुराय पातं चालवणाऱ्या बायकांशीच बोलत राहिल्या, कारण छेद करणं हे त्यांचं पोट आणि त्यांचा मान दोन्ही आहे.

गांबियात २०१५ मध्ये बंदी आली. तिथल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ७३ टक्के जणींचा छेद झालेला आहे. २०२३ मध्ये पहिल्यांदा तिघींना शिक्षा झाली, दंड एका इमामाने भरला आणि मार्च २०२४ मध्ये बंदी उठवण्याचं विधेयक संसदेत आलं. जाहा दुकुरे आणि इतर असंख्य बायकांनी, ज्यांच्यावर हे झालेलं आहे अशांनी, खासदारांसमोर स्वतःच्या बाळंतपणाच्या आणि पहिल्या रात्रीच्या वेदना सांगितल्या. १५ जुलै २०२४ रोजी विधेयक फेटाळलं गेलं.

आणि हे फक्त आफ्रिकेत होतं अशा समजुतीत कुणी राहू नये. मुंबईत दाऊदी बोहरा समाजात सात वर्षांच्या मुलींची खतना होते. २०१५ पासून त्याच समाजातल्या बायका जाहीरपणे बोलू लागल्या, २०१७ मध्ये याचिका झाली आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाकडे गेला. भारतात याविरुद्ध वेगळा कायदा नाही. गांबियात आहे.

----

गोदाकाठ

वर सगळं दुःखाचंच आलं. आफ्रिकन स्त्रीवाद्यांनी सुखाबद्दलही तेवढंच ठामपणे लिहिलं आहे, ते राहून जायला नको.

युगांडाच्या सिल्व्हिया तमाले या मकेरेरे विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक. लैंगिकता म्हणजे फक्त रोग, बलात्कार आणि लोकसंख्या, या चौकटीतून आफ्रिकेच्या बायकांकडे बघणं त्यांनी नाकारलं. बागांडा लोकांत ‘सेंगा’, म्हणजे वडिलांची बहीण, वयात आलेल्या भाचीला संसाराचं आणि शय्येचं शिक्षण देते. तमाले यांनी या सेंगांचा अभ्यास केला. सेंगा नवऱ्याच्या मर्जीत राहायला शिकवते हे खरंच, पण तीच बाईला स्वतःचं सुख मागायलाही शिकवते, आणि शहरातल्या नव्या सेंगा तर स्वतःच्या पायावर उभं राहा, स्वतःचे पैसे कमव असंही सांगतात. तिथे मुली योनिओष्ठ लांबवतात. जागतिक आरोग्य संघटनेने एकेकाळी ते सरसकट छेदाच्या यादीत टाकलं होतं. तमाले यांचा त्याला विरोध होता, कारण ज्या बायकांशी त्या बोलल्या त्यांना ती सुखाची गोष्ट वाटत होती. @काळी मैना यांनी मांडलेल्या वादाची ही दुसरी बाजू. समलैंगिकांच्या हक्कांची बाजू घेतली म्हणून २००३ मध्ये तिथल्या एका दैनिकाच्या वाचकांनी तमाले यांना ‘वर्षातली सर्वांत वाईट बाई’ ठरवलं होतं. त्या लिहीत राहिल्या.

मराठीत हे वाचताना र. धों. कर्वे आठवणारच. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजमधली प्राध्यापकी सोडावी लागली, १९२७ पासून त्यांनी मासिक चालवलं आणि त्यात स्त्रीच्या कामसुखाचा हक्क सरळ मांडला. तमाले जे बोलतात ते ऐकायची तयारी आपल्या भाषेत शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवली होती. ती पुढे न्यायला आपण कमी पडलो.

त्याच युगांडातल्या स्टेला न्यांझी यांचाही उल्लेख हवा. शाळकरी मुलींना मोफत सॅनिटरी पॅड देऊ, असं निवडणुकीत वचन दिलेल्या सरकारने २०१७ मध्ये पैसे नाहीत म्हणून सांगितलं. न्यांझींनी लोकांकडून पॅड गोळा केले आणि राष्ट्राध्यक्षांना जाहीर शिव्या घातल्या. तुरुंगात गेल्या. २०१९ मध्ये एका कवितेसाठी पुन्हा १८ महिने. त्यांची भाषा पुष्कळ स्त्रीवाद्यांनाही रुचत नाही. सभ्य शब्दांत विचारून पॅड मिळाले नाहीत, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे.

----

नैरोबीकर

@गोदाकाठ, पॅडवरचा कर केनियाने २००४ मध्येच काढला होता. आपल्याकडे जीएसटी गेला तो जुलै २०१८ मध्ये. पण कर जाणं आणि लाज जाणं वेगळं. २०२३ च्या फेब्रुवारीत इथल्या एका महिला सिनेटरला पांढऱ्या पँटवर डाग दिसतोय म्हणून सभागृहाबाहेर जायला सांगितलं.

----

घाटमाथा

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. जेएमएमच्या आईबद्दल वाचल्यावर माझा पहिला प्रश्न मला तसाच ठेवता येत नाही. दुसरा विचारतो. प्रजनन न्यायातला तिसरा भाग, झालेलं मूल वाढवता येणं, त्यावर इथे कुणीच लिहिलं नाही. अविवाहित मुलीने मूल ठेवायचं ठरवलं तर तिकडे तिचं काय होतं?

----

रानजाई

@घाटमाथा, टांझानियाचं उदाहरण देते. तिथे दिवस गेलेल्या मुलीला शाळेतून काढून टाकत. शाळांमध्ये मुलींच्या सक्तीने गर्भचाचण्या होत. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी जाहीर सभेत सांगितलं की आपल्या कारकिर्दीत एकही आई झालेली मुलगी शाळेत परत जाणार नाही. म्हणजे गर्भपात करायची सोय नाही, आणि मूल ठेवलं तर शिक्षण संपलं. ज्याच्यामुळे दिवस गेले तो वर्गमित्र किंवा मास्तर शाळेतच. संघटनांनी हे प्रकरण आफ्रिकी संघाच्या बालहक्क समितीपुढे नेलं. मागुफुली मार्च २०२१ मध्ये वारले आणि सामिया सुलुहू हसन राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्याच नोव्हेंबरात सरकारने या मुलींना शाळेत परत घ्यायला परवानगी दिली.

परवानगी मिळाली, पण तान्हं बाळ घरी कोण सांभाळणार, वर्गातली बाकीची मुलं काय म्हणणार, दूध पाजायला मधल्या सुट्टीत कुठे बसायचं, याची सोय शाळेगणिक वेगळी. ज्या मुलीची आई किंवा आजी बाळ घेते ती परत जाते, जिच्या घरी कुणी नाही ती राहते. @जुनी वही म्हणाल्या तसा इथेही मुकादम शोधावा लागेल.